डाव्या कोपऱ्यातलं बटण

आमच्या गल्लीत सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, पण नाव एकदा पडलं की पडलं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, त्यांची लॅब. लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला प्लास्टर कालवायचं सिंक, दुसऱ्या टोकाला घासकामाची मोटर आणि मधल्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, काका त्यावरून कवळ्या बनवतात. कवळी कोणाच्या तोंडात जाणार हे त्यांना ठाऊक नसतं. पण जुनी, वापरलेली कवळी दुरुस्तीला आली की खिडकीच्या उजेडात तिरकी धरून ते सांगायचे, "हा माणूस उजवीकडूनच चावतो. डावीकडे काहीतरी सलत असणार." सगळं झिजेवरून. मी म्हणायचे, काका, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. मग ते खुलायचे आणि मला दहा मिनिटं दातांवर ऐकवायचे. माझं गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं.

हे काकू होत्या तेव्हाचं. काकू गेल्यापासून काका एकच शब्द बोलायला लागले. "बरं." काका, जेवलात का? बरं. काका, तुमच्या लॅबचा दिवा दिवसाही चालूच आहे. बरं. आठ महिने मी हे 'बरं' ऐकत होते. मला माणसांचा राग पटकन येतो, हे माझं गिऱ्हाईकसुद्धा सांगेल. पण या एका शब्दाचा मला जेवढा राग आला तेवढा कोणाच्या शिव्यांचाही आला नसेल. माणूस रडला तर त्याला पाणी देता येतं. चिडला तर वाद घालता येतो. 'बरं'चं काय करायचं?

काकू एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर होत्या. आलेला फोन घ्यायचा आणि हव्या त्या खोलीला जोडून द्यायचा, तीस वर्षं. दोघांना गाडी येत नव्हती. सत्तेचाळिसाव्या वर्षी काकांनी मनावर घेतलं आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. काकू रोज मागच्या सीटवर बसून जायच्या. एकट्याला पाठवायचा त्यांना धीर होत नव्हता आणि शिकवणाऱ्या मास्तरांनीही हरकत घेतली नाही. त्यांना बहुतेक साक्षीदार हवा होता. काका लायसन्सच्या परीक्षेला तीनदा बसले. तीनदा नापास झाले. तिसऱ्यांदा नापास झाले त्याच आठवड्यात काकू माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरवर कोपरं टेकवून हळूच म्हणाल्या, "ट्रक चालवायचा गेम असतो म्हणे. तो आमच्या कॉम्प्युटरवर टाकून दे. फक्त बघ, रस्त्यावर चालणारी माणसं नकोत."

मी टाकून दिला. महिन्याभराने प्रिंटर बघायला त्यांच्या घरी गेले तेव्हा पाहिलं ते मी अजून विसरले नाही. एक टेबल, एक स्क्रीन, एक कीबोर्ड, आणि त्यापुढे दोन खुर्च्या चिकटून. डावीकडे काकू, उजवीकडे काका. एकच ट्रक, आणि तो दोघं मिळून चालवत होते. त्यांनी बटणं वाटून घेतली होती. स्टिअरिंग काकूंकडे, दिवे, वायपर, इंडिकेटर काकूंकडे. ॲक्सिलरेटर, गिअर आणि ब्रेक काकांकडे. हॉर्न कीबोर्डच्या मधोमध, तो दोघांचा, आणि भांडणं व्हायची ती तेवढ्यावरूनच.

"वळण आलं," काकू म्हणायच्या.

"दिसतंय मला," काका म्हणायचे. आणि ट्रक असा अलगद मंदावून वळायचा की ट्रेलरमधली अंडी फुटू नयेत.

अकरा वर्षं रोज संध्याकाळी तासभर हे चाललं. त्यांचा एक नियम होता, काकूंनी घातलेला. मागे जायचं नाही. गेममध्ये काही बिघडलं की लोक जुना सेव्ह उघडतात आणि तिथून परत सुरू करतात; हे दोघं तसं करत नसत. जे झालं ते झालं म्हणून पुढे. आणि बिघडायचंही फारसं नाही. काकांची त्यावरची फुशारकी सगळ्या गल्लीला पाठ होती. "अकरा वर्षांत एकदाही धडक नाही. ब्रेक माझ्याकडे आहे ना." काकू शेजारी उभ्या असल्या तर मान डोलवायच्या.

मग काकूंच्या पोटात काहीतरी निघालं आणि सहा आठवड्यांत सगळं संपलं. पहिल्या तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी ट्रक रस्त्याच्या कडेला उभा करून दोघं उठले होते. ट्रेलरमध्ये काचा होत्या. पोचायला अजून चारशे किलोमीटर, आणि गेमच्या घड्याळात सात तास शिल्लक. ते घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा भराभर पळतं, पण गेम चालू असेल तरच पुढे सरकतं. काका रोज संध्याकाळी गेम उघडायचे, थांबवलेल्या चित्राकडे बघत बसायचे आणि तासाभराने बंद करायचे. एक मिनिटही पुढे सरकू दिलं नाही त्यांनी. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की समोरच्या लॅबमध्ये एक माणूस रोज नऊला येतो, जबडे घासतो, सहाला कुलूप लावतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही.

एका सकाळी ते रस्ता ओलांडून आले. हातात कागद. कागदावर स्क्रीनवरची सूचना त्यांनी जशीच्या तशी उतरवून आणली होती, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात. ज्या सॉफ्टवेअरमधून गेम उघडायचा ते पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून या जुन्या विंडोजवर चालणार नव्हतं.

मी म्हणाले, "काका, तुमचं विंडोज म्हातारं झालं. नवीन टाकलं तर या मशीनला पेलणार नाही. एक तर नवीन कॉम्प्युटर घ्या, नाही तर मी यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकते. हलकं असतं, तुमचा गेम त्यावर चालतो, मी स्वतः चालवून बघितलाय."

त्यांनी खूप वेळ काउंटरच्या काचेकडे पाहिलं. मग विचारलं, "ट्रक तिथंच असेल ना?"

आठ महिन्यांत 'बरं' सोडून त्यांचं पहिलं वाक्य. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "एक इंच हलणार नाही."

आणि नाही हलला. तेवढा शब्द मी पाळला. त्यांचा सेव्ह मी पेन ड्राइव्हवर घेतला, दोनदा तपासला, डिस्क पूर्ण कोरी केली, लिनक्स टाकलं, गेम टाकला, सेव्ह जागेवर ठेवला. उघडून बघितलं तर ट्रक तिथंच, रस्त्याच्या कडेला, मागे काचा, सात तास. मी लगेच बंद केला, एक मिनिटही जाऊ दिलं नाही. स्वतःवर खूश होते मी. त्या भरात त्यांच्या जुन्या कीबोर्डकडे लक्ष गेलं. निम्मी अक्षरं पुसलेली, बटणं गुळगुळीत. मला दया आली. तो भंगाराच्या खोक्यात टाकला आणि एक नवा कोरा कीबोर्ड आपल्यातर्फे जोडून दिला. चांगुलपणा करताना मी कधी विचार करत नाही, हा माझा जुना दोष आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काका पायरीवर उभे.

"ट्रक आहे," ते म्हणाले. "पण चालत नाही."

मी त्यांच्याबरोबर लॅबच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरी गेले. दोन्ही खुर्च्या अजून तशाच चिकटून होत्या. उजवीकडची सीट बसून बसून दबलेली, डावीकडच्या खुर्चीवर इस्त्री केलेल्या टॉवेलांची चळत, बहुधा ती रिकामी दिसू नये म्हणून. मी गेमची सेटिंग उघडली आणि माझी चूक लगेच दिसली. सेव्ह मी आणला होता. बटणांची सेटिंग आणली नव्हती. मी कधीच आणत नाही. जुनी सेटिंग नव्या सिस्टिमवर घोळ घालते, म्हणून मी ती कचऱ्यात धरते. बारा वर्षं मी हेच करत आले आणि आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं. पण कोणी दोघं मिळून एक ट्रक चालवत नाहीत ना. नव्या सेटिंगमध्ये स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक, सगळं एकाच हाताखाली डावीकडे आलं होतं. सगळी गाडी काकूंच्या बाजूला. काकांच्या बाजूला काहीच उरलं नव्हतं.

"काका, मी चुकले," मी म्हणाले. "डिस्क कोरी केली मी. ते परत येणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

मी अक्षरशः ओरडले. "बरं काय? शिव्या द्या मला! तुमच्या बायकोनं लावलेली सेटिंग मी पुसून टाकली आणि तुम्ही बरं म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण माझ्यातून आरपार भिंतीकडे पाहावं तसं. "ओरडून काय होणार, ताई," ते म्हणाले. "माझी बटणं मला माहीत आहेत. हिची माहीत नाहीत. मी कधी बघितलंच नाही हिच्या हाताकडे. मी रस्त्याकडे बघायचो."

तेव्हा मला तो जुना कीबोर्ड आठवला. मी खाली पळाले, रस्ता ओलांडून दुकानात, भंगाराच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला. वायरींच्या गुंत्यात तो होता. झटकून वर आणला आणि काकांच्या हातात दिला.

पुढे जे झालं ते माझं काम नव्हतं, त्यांचं होतं. त्यांनी कीबोर्ड खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला आणि जुन्या कवळीकडे बघतात तसं बघायला लागले. खिशातून भिंग काढलं. अंगठ्याने एकेक बटण चाचपलं.

"ए आणि डी," ते म्हणाले. "ए जास्त झिजलंय. आतल्या बाजूला. हे स्टिअरिंग. क्यू आणि ई सारखेच, हलके. इंडिकेटर असणार. आर जेमतेम वापरलंय, वायपर. एफ वर नखाची खूण आहे, नुसतं टिचकी मारल्यासारखं. दिवे. हिला दिवे लावायची घाई असायची." मध्यावरचं एच त्यांनी बराच वेळ निरखलं. "हे दोन्ही बाजूंनी झिजलंय. हॉर्न."

मी जोडत गेले. ते सांगतील ते बटण, ते काम. त्यांचा आवाज सपाटच होता, पण शब्द होते. शेवटी एकच बटण उरलं. अगदी खालचं, डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल. त्यावरची अक्षरं नाहीशी झाली होती आणि बाहेरची कड इतकी गुळगुळीत झाली होती की उजेडात चमकत होती.

"करंगळी," काका म्हणाले. "करंगळी टेकलेली असायची इथं. जोर देऊन. ए पेक्षा जास्त वापर आहे याचा."

"कशाचं आहे?"

"माहीत नाही. काही उरलंच नाही की."

खरंच उरलं नव्हतं. आम्ही यादी दोनदा तपासली. शेवटी मी म्हणाले, राहू द्या, चालवून बघू, त्याचं काय ते रस्त्यावर आपोआप कळेल. काचांच्या ट्रकला हात लावायचा नव्हता. मी वेगळ्या नावाने एक नवा ड्रायव्हर तयार केला, रिकामा ट्रक घेतला. टॉवेलांची चळत पलंगावर ठेवली आणि काकूंच्या खुर्चीत बसले. काकांनी पलंगावरच्या चळतीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. उजवा हात उजवीकडच्या बाणांच्या बटणांवर ठेवला. बोटं आपसूक जागेवर गेली.

पहिल्या वळणावर ट्रक कठड्यावर आपटला.

"तुम्ही उशिरा वळवलंत," काका म्हणाले.

मी माफी मागितली. दुसऱ्यांदा आधीपासून वळवायला घेतलं. परत कठडा. तिसऱ्यांदा सिग्नलला उभ्या असलेल्या बसमध्ये सरळ मागून घुसलो. तिथे तर वळायचंच नव्हतं.

"नवीन सिस्टिममुळे ब्रेक उशिरा लागतोय," काका म्हणाले. "पूर्वी असं होत नव्हतं. मी तिथंच दाबतोय, जिथं नेहमी दाबायचो."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. ते खरंच बोलत होते. ते नेहमीच्याच जागी ब्रेक दाबत होते, अकरा वर्षांच्या सवयीने, ठाम, न चुकता. आणि ती जागा थेट वळणाच्या तोंडाशी होती, तिथं दाबून उशीरच व्हायचा.

माझं स्वतःचं लायसन्स त्याच ड्रायव्हिंग स्कूलचं आहे. त्यांच्या गाडीत मास्तरांच्या पायापाशी एक दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं आपण गाडी थांबवली. रस्त्याकडे बघत असल्यामुळे त्याला मास्तरांचा पाय दिसत नाही. मागच्या सीटवरून मात्र स्वच्छ दिसतो.

मी सेटिंग उघडली. या गेममध्ये एका कामाला दोन बटणं लावता येतात. ब्रेकच्या रांगेत काकांच्या बाणाशेजारी एक जागा रिकामी होती. मी तिथं डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल लावलं.

"परत एकदा," मी म्हणाले.

वळण आलं. मी करंगळी टेकवली, आधी हलकी, मग जोर देऊन. वेग उतरत गेला. वळणाच्या तोंडाशी काकांनी त्यांचा ब्रेक दाबला तेव्हा ट्रक आधीच मंदावलेला होता. तो अलगद वळला आणि पुढच्या सरळ रस्त्याला लागला.

काकांनी बाणावरचं बोट उचललं. ट्रक आपला आपण रेंगाळत थांबला. ते माझ्या करंगळीकडे बघत होते.

"गाडी अशीच मंदावायची," ते म्हणाले. "अगदी अशीच."

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडताना मला दिसला. आधी कपाळावर एक आठी पडली. मग मान लाल झाली. मग आठ महिन्यांत न हललेला तो सगळा चेहरा एकदम हलला.

"अकरा वर्षं!" काका ओरडले. हात टेबलावर आपटला, नवा कोरा कीबोर्ड उडाला. "अकरा वर्षं हिनं मला सांगितलं नाही! सगळ्या गल्लीत मी सांगत फिरलो, आणि ही बाजूला उभी राहून मान डोलवायची! काय समजत होती मला? जमत नाही म्हणून तोंडावर सांगायचं होतं! मी काय रुसलो असतो?"

"रुसला असता, काका."

"हो, रुसलो असतो! पण सांगायचं होतं!" आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. तो आवाज मला ऐकवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिथंच ओट्यापाशी पेला धरून उभी राहिले. मलाही काही कमी वाईट वाटत नव्हतं. ती सेटिंग मी पुसली नसती तर हे कधीच बाहेर आलं नसतं, असं कोणी म्हणेल. पण चुकीचं श्रेय घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

परत आले तेव्हा ते शांत झाले होते. पाणी प्यायले. चष्मा पुसला.

"माझा ब्रेक काढून टाका," ते म्हणाले.

"काय?"

"बाणावरचा. काढून टाका. त्याचा काही उपयोग नव्हता. हिचा तेवढा ठेवा. आणि हा कीबोर्ड घेऊन जा, जुना जोडून द्या."

मी काढला. जुना जोडला. मग त्यांनी स्वतःची खुर्ची ओढत भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि काकूंच्या खुर्चीत बसले. डावा हात डावीकडे ठेवला. करंगळी त्या गुळगुळीत कडेवर टेकली, जरा चुकली, परत टेकली. मग त्यांनी त्यांचा जुना सेव्ह उघडला. रस्त्याच्या कडेचा ट्रक, मागे काचा, सात तास.

मी पहिल्या वळणापर्यंत थांबले. काकांनी इतक्या आधी ब्रेक दाबला की ट्रक वळणाच्या पन्नास मीटर अलीकडे जवळजवळ उभाच राहिला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"वाजवू दे," काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "वाजवू दे त्यांना."

मी दार ओढून घेतलं आणि दुकान उघडायला आले. एका प्रिंटरच्या चाकाचे दात तुटले होते, एकाला पासवर्ड आठवत नव्हता. दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला. काकांनी मला कधी फोन केलेला नव्हता. समोर तर लॅब, हाक मारली तरी ऐकू येतं.

"पोचलो," ते म्हणाले. "वीस मिनिटं उशीर झाला. काचा सगळ्या शाबूत."

"वा, काका! अकरा वर्षांचा विक्रम टिकवलात की."

पलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

"माझा नव्हता तो," काका म्हणाले. "हिचा होता. मी फक्त मोडला नाही."

मला पुष्कळ बोलायचं होतं. एरवी माझ्या जिभेला कोणी थांबवू शकत नाही. पण काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत असताना माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"बरं," मी म्हणाले.